वाचकांचे प्रश्न : ‘थांब’ म्हणायची नोकरी

मागच्या अंकात मी अलास्कातल्या तंबूतल्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. त्यात ‘आमचा गाइड’ असा उल्लेख जाता जाता आला, आणि पत्रं आली ती सगळी त्या गाइडबद्दल. माझ्या चुलीची कोणी विचारपूसही केली नाही. असो. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी रँगल पर्वतरांगेत एका शिकारी गाइडच्या कॅम्पवर शरद ऋतूत स्वयंपाक करते आणि हिवाळ्यात त्याचे कागदपत्र आणि हिशेब सांभाळते. बंदूक मी आजवर पुसण्यापलीकडे हाताळलेली नाही. तेव्हा उत्तरं चुलीजवळून आणि टेबलामागून दिसतं तेवढीच.

गाइड म्हणजे श्रीमंत माणसाला जनावर दाखवून देणारा नोकर ना? गिऱ्हाईक नुसता चाप ओढतं, असं ऐकलं. – स. कु.

चाप ओढण्याचा भाग सगळ्यात लहान, एवढं बरोबर ऐकलंत. बाकीचं सांगते.

इथे डॉल मेंढ्यांची शिकार चालते. ही रानटी मेंढी, पांढरीशुभ्र, कड्यांवर राहणारी. नर मेंढा शंभर किलोच्या आसपास जातो, शिंगं मागे वळून, गालाजवळून फिरून पुन्हा वर येतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाला डॉल मेंढा, पहाडी बकरा किंवा तपकिरी अस्वल मारायचं असेल तर परवानाधारक गाइड घ्यावाच लागतो. नाहीतर अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत हवा. परदेशी माणसाला तर सगळ्याच मोठ्या जनावरांसाठी गाइड लागतो. म्हणजे गाइड ही चैन नाही, कायद्याची अट आहे.

आता हा मेंढा कोणताही मारता येत नाही. बहुतेक भागांत नियम असा की बाजूने पाहिल्यावर निदान एका शिंगाने पूर्ण 360 अंशांचं वर्तुळ भरलेलं हवं. किंवा दोन्ही शिंगांची टोकं मोडलेली हवीत. किंवा जनावर आठ वर्षांचं तरी हवं. वय कसं ओळखायचं? हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि तिथे एक खोल खाच पडते. दर हिवाळ्याला एक. त्या खाचा मोजायच्या. जवळ जाऊन नाही हो, समोरच्या डोंगरावरून, दुर्बिणीतून.

आमच्या कॅम्पवर तंबूच्या दाराशी तिपाईवर एक मोठी दुर्बीण कायम मांडलेली असते. मीही डोळा लावून पाहते. एकदा कड्याखालच्या हिरव्या पट्टीवर एक मोठा मेंढा बसला होता. मला तो राजासारखा दिसला. गिऱ्हाईकालाही. दात काढणारा डॉक्टर होता तो, टेक्सासचा, दोन वर्षं आधी पैसे भरून आलेला. गाइड पालथा पडून दुर्बिणीला चिकटला. तोंडात काडी. मेंढ्याने मान तिरकी धरली होती, त्यामुळे शिंग पूर्ण फिरल्यासारखं वाटायचं. मान सरळ होईपर्यंत कळणार नाही, म्हणाला. तास गेला. मेंढा रवंथ करतोय. मी दोनदा कॉफी नेऊन दिली, दोन्ही कप तसेच गार झाले. शेवटी मेंढा उठला, अंग झाडलं, आणि क्षणभर बरोबर आडवा उभा राहिला. शिंगाचं टोक वर्तुळ पूर्ण करायला चार बोटं कमी होतं. खाचा सात. पहिली खाच टोकाजवळ असते, ती बरेचदा झिजून जाते, तेव्हा सात दिसल्या तर आठ असतीलही. डॉक्टर हेच म्हणत होता. गाइड म्हणाला, “असतीलही. थांब.”

तो दिवस तसाच गेला. डॉक्टर रात्री जेवताना माझ्याशीही बोलला नाही.

गाइड ‘मार’ म्हणाला आणि शिंग अपुरं निघालं, तर काय होतं ते सांगते म्हणजे त्या ‘थांब’ची किंमत कळेल. मारलेल्या प्रत्येक मेंढ्याची शिंगं तीस दिवसांच्या आत वन्यजीव खात्याच्या कचेरीत न्यावी लागतात. तिथली माणसं शिंग मोजतात, खाचा मोजतात, आणि बरोबर असेल तर शिंगाला भोक पाडून त्यात क्रमांकाची धातूची गुंडी ठोकतात. कमी भरलं तर शिंगं जप्त. खटला गिऱ्हाइकावर होतोच, आणि गाइडचा परवानाही टांगणीला लागतो. शिवाय गिऱ्हाईक सोबत असताना गाइडने स्वतः शिकार करायची नसते. जखमी जनावर निसटू लागलं किंवा जिवावर बेतलं तरच त्याची बंदूक खांद्यावरून उतरते.

असा माणूस घडतो कुठे? शाळा असते का याची? – एक शिक्षिका

शाळा नाही, उमेदवारी आहे. बहुतेकजण पॅकर म्हणून सुरुवात करतात. पॅकर म्हणजे ओझी वाहणारा: तंबू, शिधा वर न्यायचा, मांस खाली आणायचं, लाकडं फोडायची, भांडी घासायची (माझ्या कॅम्पवर तरी घासायचीच). मग सहायक गाइडचा परवाना. त्यासाठी वय अठरा पूर्ण, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, आणि अलास्कात दोन वेगवेगळ्या वर्षांत स्वतः कायदेशीर शिकार केलेली हवी. काही वर्षं सहायक म्हणून काढली की नोंदणीकृत गाइड होण्याच्या परीक्षेला बसता येतं. लेखी आहे आणि तोंडीही आहे. तोंडी परीक्षेला जाताना मोठमोठे गडी घाम पुसतात. तो परवाना मिळाला की स्वतःच्या नावावर गिऱ्हाइकाशी करार करता येतो. सहायकाला तो करता येत नाही, त्याने कोणाच्या तरी हाताखालीच राबायचं.

आमचा गाइड महामार्गावरच्या एका छोट्या लॉजवर वाढला. वडील हिवाळ्यात सापळे लावायचे, उन्हाळ्यात ट्रक दुरुस्त करायचे. याच्या हाताला लहानपणीच दोन कामं लागली, घोड्यावर ओझं बांधणं आणि बिघडलेलं इंजिन ऐकून ओळखणं. पुढे विमान चालवायला शिकला. दोन माणसांचं पायपर सुपर कब, फुग्यासारखी मऊ गलेलठ्ठ चाकं, नदीच्या पात्रातल्या खडीच्या पट्टीवर उतरणारं. या भागात रस्ते जवळजवळ नाहीत, त्यामुळे गाइड आणि वैमानिक हे एकाच माणसात असले तर धंदा चालतो, नाहीतर सगळा नफा विमानवाल्याच्या खिशात.

विमानातून जनावर हेरून खाली उतरून मारायचं, असं वाटत असेल तर तेही जमत नाही. विमानातून उतरलात की दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत शिकारच करायची नाही. आणि मेंढ्यांच्या हंगामात, म्हणजे 10 ऑगस्ट ते 20 सप्टेंबर, विमानातून मेंढे शोधण्यालाही बंदी आहे. पायीच शोधायचे.

चालण्याचं तंत्र मला त्याच्याकडूनच कळलं. सह्याद्री पायाखाली घातलेल्यांना घसारा म्हणजे काय हे सांगायला नको. इथे पूर्ण डोंगरच घसाऱ्याचे, पायाखालून सरकणाऱ्या सुट्या दगडांचे. मेंढ्यांची नजर भलतीच तीक्ष्ण, पण ती खाली लागलेली असते, कारण लांडगा, अस्वल खालून येतं. म्हणून मेंढ्याच्या वर जायचं. सकाळी थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. वर पोचायचं ते हवा वर चढायला लागल्यानंतर, नाहीतर तुमचा वास तुमच्या आधी मेंढ्याकडे जातो. म्हणून सकाळी लांबचा वळसा घालून दुसऱ्या सोंडेने चढायचं आणि दुपारी धारेवरून डोकवायचं. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. मेंढा समोर दिसतोय आणि आपण पाठ फिरवून भलतीकडे का चाललोय, हा प्रश्न हमखास येतो.

कमाई किती? मेंढ्यामागे लाखो डॉलर मिळतात असं वाचलं. – प्र. दे.

लाखांचे आकडे परवान्यांच्या लिलावाचे असतात, रोजच्या धंद्याचे नाहीत. गाइडसोबतच्या एका डॉल मेंढ्याच्या शिकारीला आज गिऱ्हाईक पंचवीस ते पस्तीस हजार डॉलर मोजतं. मेंढा मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी. त्यावर राज्याची फी वेगळी: अमेरिकेतल्या पण परराज्यातल्या माणसाला शिकारीचा परवाना 160 डॉलर आणि मेंढ्याचा धातूचा टॅग 850 डॉलर. टॅग जनावर पडल्याबरोबर त्याला अडकवायचा, खिशात ठेवायचा नाही.

मी हिशेब लिहिते म्हणून सांगते, पस्तीस हजार हा आकडा कागदावर फार देखणा दिसतो. त्यातून विमानाचं इंधन, विमा, सहायकांचा रोज, घोड्यांचा हिवाळ्याचा चारा, तंबू, जमिनीचे परवाने जातात. हंगाम सहा आठवड्यांचा. त्यात पाऊस आणि धुकं आपला वाटा उचलतात. वसंतात अस्वलं आणि सप्टेंबरात मूस (घोड्याएवढं अवाढव्य रानहरीण) जोडीला असतात म्हणून घर चालतं. जानेवारीत नेवाडातल्या रीनो शहरात रानमेंढ्यांच्या शिकाऱ्यांचा मोठा मेळा भरतो, तिथे टेबल लावून बसायचं, इस्त्रीचा शर्ट घालून लोकांशी गोड बोलायचं. आमच्या गाइडला या कामापुढे कुठलाही कडा सोपा वाटतो.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. पूर्वी इथे राज्य सरकार प्रत्येक गाइडला स्वतंत्र इलाका द्यायचं, तिथे दुसऱ्या गाइडला मज्जाव. अलास्काच्या घटनेत मात्र असं आहे की मासे, वन्यप्राणी आणि पाणी सगळ्या लोकांच्या सामायिक वापरासाठी राखलेलं आहे. 1988 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ओसिचेक खटल्यात ती इलाक्यांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता एका गाइडला एका वेळी तीन विभागांत काम करता येतं, पण राज्याच्या जमिनीवर त्याच विभागात दुसरे कितीही गाइड येऊ शकतात. तत्त्व म्हणून न्यायालयाचं बरोबरच होतं, कोणाच्या बापाचा डोंगर नाही. पण परिणाम काय झाला? इलाका आपला होता तोवर गाइड सहा-सात वर्षांचा मेंढा सोडून द्यायचा, पुढच्या वर्षी आपल्यालाच मिळेल म्हणून. आता सोडलेला मेंढा शेजारचा नेतो. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या राखीव भागांत अजून ठरावीक गाइडलाच परवाना मिळतो, आणि आमचं काम अशाच भागात आहे. एरवी तो डॉक्टर आणि तो मेंढा, दोघांची गोष्ट वेगळी झाली असती का, मला सांगता येणार नाही.

शिंगं घेऊन मांस टाकून देतात ना? – बिननावाचं पत्र

मेंढा, मूस, कॅरिबू (उत्तरेकडचं रेनडिअर) यांचं नाही. खाण्याजोगं मांस डोंगरावर सोडलं तर इथे गंभीर गुन्हा होतो. मांस आधी खाली आणायचं, शिंगं त्याच्या आधी हलवायची नाहीत, असा नियम मूससारख्या जनावरांना आहे, आणि तो करावा लागला यातच माणसाचा स्वभाव आला. मूसचं मांस दोनशे किलोंच्या वर निघतं. ते दलदलीतून पाठीवर. एक माणूस, एक मांडी, एक खेप.

तपकिरी अस्वलाचं मांस मात्र सक्तीचं नाही, कातडं आणि कवटी आणली की झालं. तुमची शंका तिथे खरी आहे, आणि मलाही ते आवडत नाही.

मेंढ्याचं मांस सगळ्यात चवीचं. गिऱ्हाईक विमानातून सगळं नेऊ शकत नाही, तेव्हा रीतसर कागद भरून ते गावातल्या कुटुंबांना देतात. तो कागद मीच भरते.

आपल्याकडे 1972 पासून वन्यजीव कायदा आहे. सुंदर जनावर मारायला मदत करून पोट भरणाऱ्या माणसाचं कौतुक तुम्ही का करता? – वि. ज.

कौतुक करते असं मला वाटत नव्हतं, पण तुमचं पत्र वाचून मागचा लेख पुन्हा काढला, तर थोडं केलेलं आहे. ते मागे घेत नाही. कारण सांगते, पटवायला नाही.

हॅरी कार्स्टेन्स नावाचा एक माणूस होता. 1897 च्या सोन्याच्या धांदलीत पोरसवदा वयात उत्तरेला आला, सोनं काही मिळालं नाही, मग कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल पोचवू लागला. 1906 साली चार्ल्स शेल्डन नावाचा शिकारी आणि निसर्ग-अभ्यासक डॉल मेंढे पाहायला, आणि मारायलाही, डेनाली या अलास्कातल्या सगळ्यात उंच पर्वताच्या उत्तर उतारांवर आला, तेव्हा कार्स्टेन्स त्याच्या सोबतीला होता. 1907 च्या उन्हाळ्यात शेल्डन परत आला आणि टोकलाट नदीकाठी खोपट बांधून हिवाळाभर राहिला. तेव्हाही कार्स्टेन्स होता. त्या काळात खाणींच्या छावण्यांना मांस पुरवणारे धंदेवाईक शिकारी मेंढ्यांचे कळपच्या कळप कापत होते. शेल्डनने तिथेच ठरवलं की हा मुलूख राखला पाहिजे. त्याच्या पाठपुराव्याने 1917 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आजचं डेनाली. मधल्या काळात, 1913 मध्ये, कार्स्टेन्स डेनालीच्या मुख्य शिखरावर पोचलेल्या पहिल्या तुकडीत होता; शिखरावर पहिलं पाऊल त्याच तुकडीतल्या वॉल्टर हार्परचं, आईकडून अथाबास्कन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, असलेल्या तरुणाचं. आणि 1921 साली उद्यानाचा पहिला अधीक्षक कोण नेमला? कार्स्टेन्स. म्हणजे ज्याने मेंढ्यांपर्यंतची वाट दाखवली, त्यालाच चोरट्या शिकाऱ्यांमागे धावायला ठेवलं. त्याच्याइतका तो मुलूख दुसऱ्या कोणाला ठाऊक होता?

पैशांचंही एक सांगते. बंदुका आणि काडतुसांवर अमेरिकेत 1937 च्या कायद्याने दहा-अकरा टक्के कर जातो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. जनावरांची मोजणी, अधिवास राखणं यातला मोठा खर्च त्यातून निघतो. याचा अर्थ शिकार पवित्र झाली असा मी काढत नाही. अलीकडे मेंढे घटलेत, आणि ते बंदुकीने नाही. भर हिवाळ्यात पाऊस पडतो, बर्फावर काचेसारखा थर गोठतो, खालच्या गवतापर्यंत खूर पोचत नाही. कोकरं तर जगतच नाहीत. काही भागांत बाहेरच्यांना मेंढ्याची शिकार बंद झाली आहे. आमच्या गाइडने स्वतःहून गिऱ्हाइकं निम्मी केली. मी विचारलं तर म्हणाला, मोजायला मेंढेच नाहीत तर माणसं आणून काय करू. त्या वर्षीचा हिशेब मीच लिहिला, तो लिहिताना माझा पगार कुठून निघणार हे मला दिसत नव्हतं.

तुमचं मन यावरही बदलणार नाही, आणि बदलावं असा आग्रह नाही.

अस्वलाची भीती वाटत नाही? – इयत्ता आठवीतला एक वाचक

वाटते. म्हणून जेवण तंबूपासून लांब शिजवते, शिधा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवते आणि कमरेला मिरचीचा फवारा असतो. पण बाळा, गाइडला विचारशील तर तो नदीचं नाव घेईल. इथल्या नद्या हिमनद्यांतून येतात. पाणी दुधी-करडं, तळ दिसत नाही. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळतं आणि सकाळी गुडघाभर असलेलं पात्र संध्याकाळी कमरेच्या वर जातं. म्हणून ओलांडायचं ते पहाटे. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पाय घसरलाच तर ओझं टाकून देता यावं म्हणून. सकाळी सहज ओलांडून गेलेले गिऱ्हाईक आणि गाइड संध्याकाळी पलीकडच्या काठावर अडकतात, मी अलीकडे रस्सा ढवळत बसते, आणि आम्ही एकमेकांना हात करतो. रात्र तिकडेच काढायची. त्यात शहाणपण आहे, हे उपाशी गिऱ्हाइकाला समजावणं हासुद्धा गाइडच्याच कामाचा भाग.

बायका गाइड असतात का? – मी. प.

असतात, कमी आहेत. आमच्याकडे एक सहायक आहे, तिच्या पाठीवरचं ओझं मी उचलायचा प्रयत्न केला होता. पुन्हा करणार नाही.

माझा मुलगा गिर्यारोहक आहे, त्याला हेच काम करायचंय. काय करावं? – श्री. रा.

काका, आधी काम करण्याची कायदेशीर परवानगी असलेला व्हिसा. त्याशिवाय कोणीही उभं करणार नाही, आणि फुकट राबवून घेणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ देऊ नका. पुढे, तो थेट गाइड होणार नाही. इथे दोन वर्षांत स्वतः शिकार केल्याशिवाय सहायकाचाही परवाना नाही, हे वर लिहिलंच आहे. पॅकर किंवा घोड्यांकडचा माणूस म्हणून शिरता येतं. दोर, कडे, बर्फ यांची सवय उपयोगी पडेल, पण गिर्यारोहकांची एक खोड इथे नडते: त्यांना माथ्यावर जायचं असतं. इथे माथ्याच्या शंभर फूट खाली पोटावर पडून निम्मा दिवस काढावा लागतो आणि बरेचदा तसंच उतरावं लागतं. ते त्याला जमतं का, विचारा. चाळीस किलो पाठीवर घेऊन घसाऱ्यावरून उतरता येतं का, हेही विचारा. दोन्हीला हो म्हणाला तर हंगाम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गाइडना पत्रं लिहायला सांगा. वसंतापर्यंत बहुतेक कॅम्पची माणसं ठरलेली असतात. आणि पत्रात शिखरांची यादी देऊ नका म्हणावं. स्वयंपाक येतो का तेवढं लिहा.